स्वमग्नतेशी निगडित जनुकाची मेंदूतील अभिव्यक्ती : ‘फॉक्स-जी-१’चा दाखला

१. विषयप्रवेश

रावेर तालुक्यातील केळीच्या बागा खानदेशात सर्वांच्या परिचयाच्या आहेत. या बागांतील झाडे बीजापासून झालेली नसतात. कंदापासून, पिलापासून अथवा अलीकडे बहुधा टिश्यू कल्चरच्या रोपापासून ती वाढविली जातात. त्यामुळे एका जातीच्या बागेतील सर्व झाडांचा जनुकसंच जवळजवळ एकच असतो. इतकेच नव्हे, तर एकाच झाडाच्या मुळातील, पानातील आणि केळफुलातील पेशींतही तोच जनुकसंच असतो. तरीही मूळ जमिनीतील पाणी शोषते, पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि झाड पुरेशी वाढ झाल्यावरच निसवते. सर्व पेशींना मिळालेला ठेवा समान असताना त्यांच्या कार्यात एवढा भेद का पडावा? याचे उत्तर असे की, जनुक पेशीत असणे ही एक गोष्ट आहे आणि ते कार्यरत असणे ही दुसरी. कोणते जनुक कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी आणि किती प्रमाणात कार्यरत व्हावे यावर पेशीचे स्वरूप ठरते. जनुकाच्या या कार्यरत होण्यालाच जीवशास्त्रात जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी नाही. परंतु मानवी मेंदूच्या विकारांचा प्रश्न आला की ती सहज विसरली जाते. ‘स्वमग्नतेचे जनुक सापडले’ अशी वार्ता अधूनमधून प्रसिद्ध होते, आणि ती वाचणाऱ्याची अशी समजूत होते की, अमुक एक जनुक शरीरात असले की स्वमग्नता येते व नसले की येत नाही. वस्तुतः ज्या जनुकांचा येथे उल्लेख असतो ती प्रत्येक मनुष्याच्या प्रत्येक सकेंद्रक पेशीत असतातच. तेव्हा ‘स्वमग्नतेशी निगडित जनुक’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे पाहणे आवश्यक ठरते. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘फॉक्स-जी-१’ या जनुकावर झालेले कार्य या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याच्या आधारे हा अर्थ स्पष्ट करणे, आणि अशा संशोधनावरून एखाद्या कुटुंबाला काय सांगता येते व काय सांगता येत नाही याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दोषारोपाकडून आनुवंशिकतेकडे

स्वमग्नता हे मेंदूच्या विकासातील वेगळेपण असून त्याची चिन्हे बाल्यावस्थेत दिसू लागतात. इतरांशी संवाद साधण्यात व सामाजिक व्यवहारात येणाऱ्या अडचणी, त्याच त्या कृतींची पुनरावृत्ती, मर्यादित विषयांतील गाढ रस आणि आवाज, स्पर्श इत्यादी संवेदनांविषयीची असामान्य प्रतिक्रिया ही तिची प्रमुख लक्षणे होत. त्यांची तीव्रता व्यक्तिपरत्वे फार भिन्न असते. काही स्वमग्न व्यक्ती उच्च शिक्षण घेऊन स्वतंत्रपणे जीवन जगतात. काहींना आयुष्यभर दुसऱ्याच्या साहाय्याची गरज भासते. म्हणूनच आज हा एकच एक विकार न मानता लक्षणांचा विस्तृत पट मानला जातो.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्यापासून या विषयाच्या आधुनिक अभ्यासाला आरंभ झाला. पुढील दोन-तीन दशकांत मात्र मानसशास्त्रातील एका वर्गाने या अवस्थेचे कारण मातेच्या तथाकथित थंड वागणुकीत शोधले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथाने या मताला मोठी प्रसिद्धी मिळाली. आधीच चिंतेने ग्रासलेल्या मातांवर त्यामुळे अपराधाचा डागही बसला.

या मताला पहिला भक्कम तडा गेला तो जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने. सुसान फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी १९७७ साली जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीतील किमान एक भावंड स्वमग्न होते. एकाच फलित अंड्यापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न आढळली. भिन्न अंड्यांपासून झालेल्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. संख्या अल्प होती, तरी दोन्ही प्रकारच्या जुळ्यांचे संगोपन सारखेच झालेले असताना हा फरक पडावा, याचा अर्थ उघड होता. पुढील मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा वाटा अधिक दृढ केला.

त्यानंतर शोध सुरू झाला तो प्रत्यक्ष जनुकांचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३५,५८४ व्यक्तींच्या जनुकांतील प्रथिनसंकेतक भागांचे वाचन करण्यात आले. त्यांपैकी ११,९८६ व्यक्ती स्वमग्न होत्या. या अभ्यासातून १०२ जनुकांचा स्वमग्नतेशी संबंध दिसून आला. यांतील बरीच जनुके दोन गटांत मोडतात : इतर जनुकांच्या कार्यावर नियंत्रण ठेवणारी आणि चेतापेशींमधील संदेशवहनाशी संबंध असणारी. एकाच परिस्थितीकडे नेणारी एवढी निरनिराळी जनुके असतील, तर ती सर्व मेंदूत कोठे व केव्हा कार्य करतात हा प्रश्न ओघानेच पुढे येतो.

३. अभिव्यक्तीचे मापन

जनुकाची अभिव्यक्ती म्हणजे डी.एन.ए.तील संकेतावरून संदेशवाहक आर.एन.ए. तयार होणे व त्यावरून प्रथिनाची घडण होणे. हिचे मापन अनेक प्रकारे करता येते. मेंदूच्या पातळ छेदावर विशिष्ट आर.एन.ए.ला चिकटणारा चिन्हित धागा सोडला असता ते जनुक ज्या पेशींत कार्यरत असेल त्या पेशी रंगाने उठून दिसतात. प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिनाचाही असाच ठाव घेता येतो. अलीकडे ऊतीतील सर्व आर.एन.ए. एकाच वेळी वाचण्याची पद्धत रूढ झाली असून, एकेका पेशीतील आर.एन.ए. स्वतंत्रपणे वाचणेही शक्य झाले आहे.

२०११ साली मानवी मेंदूतील जनुक-अभिव्यक्तीचा एक विस्तृत आलेख प्रसिद्ध झाला. मृत्यूनंतर मिळालेल्या ५७ मेंदूंतील १६ विभागांचे त्यात परीक्षण होते, आणि गर्भावस्थेच्या आरंभीपासून वार्धक्यापर्यंतचे सर्व टप्पे त्यात समाविष्ट होते. त्यातून असे दिसले की, मेंदूतील अभिव्यक्तीचे सर्वांत मोठे फेरबदल जन्मापूर्वीच घडून येतात. या आलेखाचा उपयोग करून २०१३ साली एका संशोधकगटाने स्वमग्नतेशी निश्चित संबंध असलेली नऊ जनुके निवडली व ती कोणत्या विभागात आणि कोणत्या वेळी एकमेकांसोबत कार्यरत असतात हे तपासले. उत्तर आश्चर्यकारक रीतीने नेमके निघाले. गर्भावस्थेच्या मध्यकाळी प्रमस्तिष्काच्या बाह्यकाच्या खालच्या थरांत, म्हणजे पाचव्या व सहाव्या थरांत, ज्या चेतापेशी घडत असतात, त्यांत या जनुकांची कार्ये एकत्र येतात असे आढळले.

याचा अर्थ असा की, मूल तीन वर्षांचे झाल्यावर जे पालकांच्या लक्षात येते, त्याची मुळे पुष्कळदा जन्माच्या कित्येक महिने आधीच्या काळात असतात. मातेच्या वागणुकीविषयीचे जुने मत येथे पुराव्याच्या दृष्टीनेही निराधार ठरते.

४. ‘फॉक्स-जी-१’ची ओळख

आता एका जनुकाकडे वळू. ‘फॉक्स-जी-१’ हे मानवाच्या १४ व्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर असते. त्याचे प्रथिन ४८९ अमिनो आम्लांचे असून ते डी.एन.ए.ला चिकटून इतर जनुकांना चालना देते वा त्यांना रोखते. अशा प्रथिनांना प्रतिलेखन-नियामक म्हणतात. १९९२ साली उंदराच्या वर्गातील प्राण्यांत या जनुकाचे वर्णन प्रथम झाले तेव्हा त्याला ‘ब्रेन फॅक्टर-१’ असे नाव देण्यात आले होते, कारण वाढत्या मेंदूच्या अग्रभागापुरतीच, म्हणजे ज्यापासून प्रमस्तिष्क घडते त्या भागापुरतीच, त्याची अभिव्यक्ती प्रकर्षाने मर्यादित दिसली. १९९५ साली उंदरांत या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी केल्या असता प्रमस्तिष्काचे गोलार्ध अत्यंत खुरटलेले राहिले व पिले जन्मताच दगावली.

२००८ साली हे जनुक मानवी रोगचिकित्सेत आले. रेट विकाराचा एक प्रकार असा आहे की, त्याची लक्षणे जन्मापासून दिसतात. अशा रुग्णांत ‘फॉक्स-जी-१’च्या एका प्रतीत उत्परिवर्तन असल्याचे निष्पन्न झाले. पुढे या अवस्थेला ‘फॉक्स-जी-१ विकार’ असे स्वतंत्र नाव मिळाले. डोक्याची वाढ खुंटणे, तीव्र विकासविलंब, भाषेचा अभाव, झटके, हातांच्या पुनरावृत्त हालचाली आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्याची अपुरी वाढ ही त्याची लक्षणे होत. स्वमग्नतेची लक्षणेही या मुलांत आढळतात. येथे विशेष लक्षात घेण्याजोगी बाब ही की, दुसरी प्रत निर्दोष असूनही हा विकार होतो. प्रथिन मुळीच नसल्यामुळे नव्हे, तर ते पुरेसे नसल्यामुळे मेंदूची घडण बिघडते.

५. मुंबईतील संशोधन

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या जीवशास्त्र विभागातील डॉ. शुभा टोळे या १९९९ पासून बाह्यकाच्या घडणीचा अभ्यास करीत आल्या आहेत. या कार्यासाठी त्यांना २०१० साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक व २०१४ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. त्यांच्या गटाने ‘फॉक्स-जी-१’विषयी केलेले संशोधन २०२५ साली ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते समजण्यासाठी बाह्यकाच्या घडणीचा क्रम प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

बाह्यकातील पेशी पूर्वगामी पेशींपासून निर्माण होतात. या पूर्वगामी पेशी आरंभी चेतापेशी निर्माण करतात. त्यांचे हे कार्य आटोपत आले की त्याच पेशी तारकापेशी निर्माण करू लागतात, आणि त्यापुढे ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींच्या जनक पेशी. तारकापेशी चेतापेशींचे पोषण करतात व त्यांच्यामधील संधींची जोपासना करतात. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर स्निग्ध आवरण चढवितात. या दोन्हींना मिळून ग्लायापेशी म्हणतात. चेतापेशी आधी व ग्लायापेशी नंतर, हा क्रम ठरलेला आहे. घरबांधणीत भिंती उभ्या राहण्याआधीच गवंड्यांना गिलाव्याच्या कामाला लावले तर गिलावा भरपूर आणि भिंती अपुऱ्या अशी स्थिती होईल. तसेच येथेही आहे. प्रश्न असा होता की, पूर्वगामी पेशींना काम बदलण्याची वेळ कशी कळते?

टोळे यांच्या गटाला उंदरांच्या मेंदूत असे दिसले की, चेतापेशींच्या निर्मितीचा काळ संपत येतो तसतसे पूर्वगामी पेशींतील ‘फॉक्स-जी-१’चे प्रमाण उतरत जाते, आणि त्याच वेळी ‘एफ.जी.एफ.आर.-३’ या ग्राहक-प्रथिनाचे प्रमाण चढत जाते. हा ग्राहक एफ.जी.एफ. या वृद्धिकारकाचा संदेश पेशीच्या आत पोहोचवितो, आणि तो संदेश पेशीला तारकापेशींच्या निर्मितीकडे वळवितो. नंतर संशोधकांनी योग्य वेळेपूर्वीच पूर्वगामी पेशींतून ‘फॉक्स-जी-१’ काढून टाकले. त्या पेशींनी चेतापेशी निर्माण करणे सोडून अकाली तारकापेशी निर्माण करण्यास आरंभ केला. यावरून ‘फॉक्स-जी-१’ हे त्या ग्राहकाच्या जनुकाला रोखून धरते, व ही रोख सैल झाली की कामाचा पुढचा टप्पा सुरू होतो, असा निष्कर्ष निघाला.

एवढ्यावरच संशोधक थांबले नाहीत. ‘फॉक्स-जी-१’ काढून टाकले आणि त्याबरोबर एफ.जी.एफ.चा संदेशही अडविला, तर पेशी पुन्हा चेतापेशींच्या निर्मितीकडे वळतील, अशी अपेक्षा कोणासही वाटली असती. तसे घडले नाही. त्या पेशी ऑलिगोडेंड्रोसाइटच्या जनक पेशींच्या निर्मितीकडे गेल्या. म्हणजे ‘फॉक्स-जी-१’ची रोख दुहेरी आहे : ते तारकापेशींचा मार्ग अडविते, तसाच ऑलिगोडेंड्रोसाइटचा मार्गही ‘ऑलिग-२’ या दुसऱ्या नियामक जनुकाला दाबून अडविते. तिसरा निष्कर्षही महत्त्वाचा आहे. विभाजन थांबलेल्या तरुण चेतापेशींतून ‘फॉक्स-जी-१’ काढले असता त्या चेतापेशी एफ.जी.एफ. वृद्धिकारक अधिक प्रमाणात निर्माण करू लागतात, आणि त्याच्या प्रभावाने शेजारच्या, स्वतः निर्दोष असलेल्या पूर्वगामी पेशीही ग्लायापेशींकडे अधिक वळतात. एका पेशीतील अभिव्यक्तीचा दोष असा दुसऱ्या पेशीच्या भवितव्यावर परिणाम करतो.

‘फॉक्स-जी-१’ विकाराकडे पाहण्याची दृष्टी या संशोधनाने व्यापक होते. हा केवळ चेतापेशींचा विकार समजणे पुरेसे नाही. चेतापेशी व ग्लायापेशी यांचे परस्परप्रमाण आणि त्यांच्या आगमनाची वेळ या दोहोंतही बिघाड होत असण्याचा संभव आहे.

६. कमी आणि अधिक

येथवरचे विवेचन ‘फॉक्स-जी-१’ कमी पडल्यास काय होते याविषयीचे आहे. ते अधिक झाले तर काय? या प्रश्नाचे उत्तर २०१५ साली येल विद्यापीठातील फ्लोरा व्हॅकारिनो यांच्या गटाच्या संशोधनातून मिळाले. ज्यांच्या स्वमग्नतेचे आनुवंशिक कारण ज्ञात नव्हते अशा काही व्यक्तींच्या शरीरातील पेशी घेऊन त्यांचे मूलपेशींत रूपांतर करण्यात आले, व त्यांपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या अग्रभागाच्या आरंभीच्या अवस्थेशी साम्य असलेले सूक्ष्म गोळे वाढविण्यात आले. यांना ऑर्गनॉइड म्हणतात. घरातील स्वमग्न नसलेल्या व्यक्तींच्या पेशींपासून वाढविलेल्या गोळ्यांशी त्यांची तुलना केली असता त्यांत निरोधक चेतापेशींची निर्मिती प्रमाणाबाहेर झालेली दिसली, आणि त्यास ‘फॉक्स-जी-१’ची वाढलेली अभिव्यक्ती कारणीभूत असल्याचे आढळले. ती अभिव्यक्ती कृत्रिम रीतीने खाली आणली असता निरोधक पेशींची अतिनिर्मितीही थांबली.

या प्रयोगातील सर्वांत बोलकी गोष्ट ही की, त्या व्यक्तींत कोणतेही ज्ञात कारणीभूत उत्परिवर्तन सापडले नव्हते. केवळ जनुकाचा संकेत वाचणाऱ्याला तेथे काहीच वावगे दिसले नसते; दोष दिसला तो अभिव्यक्ती मोजल्यावर. जनुकाचे अस्तित्व आणि त्याची अभिव्यक्ती यांतील भेद केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही, हे येथे प्रत्ययास येते.

२०२१ साली गोइची मियोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराला काळाची बाजू जोडली. उंदरांत ‘फॉक्स-जी-१’ची अभिव्यक्ती कमी केली काय किंवा वाढविली काय, दोन्ही प्रसंगी प्राण्यांच्या सामाजिक वर्तनात स्वमग्नतेसदृश उणिवा निर्माण झाल्या. शिवाय, या बाबतीत जन्मानंतरचा दुसरा आठवडा हा निर्णायक कालखंड असल्याचे दिसून आले. त्या कालखंडापूर्वी निरोधक चेतापेशींच्या जनक पेशींचे रोपण केले असता उणिवा सौम्य झाल्या.

निर्णायक कालखंडाची कल्पना रावेरच्या बागायतदाराला समजावून सांगावी लागत नाही. मृगबागेची लागवड व कांदेबागेची लागवड यांत झाड तेच असते; परंतु वाढीचा कोणता टप्पा कोणत्या ऋतूत येतो यावर पुष्कळ अवलंबून असते. निसवणीच्या सुमारास कडाक्याची थंडी पडली तर घड झाडात अडकतो. तीच थंडी झाड लहान असताना पडली तर वाढ मंदावते, परंतु घड अडकण्याचा प्रश्न त्या वेळी उद्भवतच नाही. कारण एकच असूनही वेळेच्या भेदाने परिणाम भिन्न होतात. मेंदूच्या वाढीतही जनुकाच्या प्रमाणातील फरक केव्हा पडला, यावर तो कोणत्या स्वरूपात प्रकट होईल हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

प्रमाणाचा हा नियम ‘फॉक्स-जी-१’पुरता मर्यादित नाही. रेट विकाराच्या नेहमीच्या प्रकाराला कारणीभूत असलेले ‘एम.ई.सी.पी.-२’ हे जनुक १९९९ साली निश्चित झाले; त्याच जनुकाची एक प्रत अधिक असल्यासही गंभीर विकार होतो, हे पुढे २००५ साली स्पष्ट झाले. एखादे जनुक चांगले किंवा वाईट असे नसून, त्याचे उचित प्रमाण राखले जाणे हेच महत्त्वाचे असते.

७. अनुमानाच्या मर्यादा

हे सर्व संशोधन आशादायक असले तरी त्यातून काढावयाच्या अनुमानांना मर्यादा आहेत, आणि विद्यार्थ्यांनी त्यांचे भान सुटू देऊ नये.

पहिली मर्यादा प्राण्यांच्या नमुन्याची. उंदराचा गर्भकाळ सुमारे वीस दिवसांचा असतो. मानवी बाह्यक कित्येक महिने घडत राहतो व तो आकाराने आणि रचनेने पुष्कळ अधिक गुंतागुंतीचा असतो. पेशींचा क्रम दोन्हींत सारखा असला तरी कालमान व प्रमाणे वेगळी आहेत. उंदराच्या सामाजिक वर्तनातील फरकाला ‘स्वमग्नतेसदृश’ म्हणणे ही एक सोय आहे. मुलाला भाषा न येणे आणि उंदराने दुसऱ्या उंदराजवळ कमी वेळ घालविणे या दोन गोष्टी समान नव्हेत.

दुसरी मर्यादा कार्य व कारण यांच्या भेदाची. २०११ साली स्वमग्न असलेल्या १९ व नसलेल्या १७ व्यक्तींच्या मृत्यूनंतरच्या मेंदूंतील अभिव्यक्तीची तुलना प्रसिद्ध झाली. स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत चेतासंधींशी संबंधित जनुकांची अभिव्यक्ती घटलेली व ग्लायापेशींशी आणि प्रतिकारप्रक्रियेशी संबंधित जनुकांची वाढलेली आढळली. पहिल्या गटात स्वमग्नतेशी आनुवंशिक संबंध असलेल्या जनुकांचा भरणा होता. दुसऱ्या गटात तसा आढळला नाही. त्यामुळे दुसऱ्या गटातील वाढ हे मूळ कारण नसून परिणाम असण्याचा संभव अधिक. परिपक्व मेंदूत आज जे मोजले जाते ते आरंभीच्या दोषाचे चिन्ह आहे, की पुढील आयुष्यातील घडामोडींचे, हे केवळ मोजमापावरून ठरत नाही. म्हणूनच वाढत्या मेंदूतील प्रयोगांचे महत्त्व आहे.

तिसरी मर्यादा व्याप्तीची. ‘फॉक्स-जी-१’ विकार हा अतिशय विरळ आहे. स्वमग्न व्यक्तींपैकी बहुसंख्यांत या जनुकात कोणतेही उत्परिवर्तन नसते. किंबहुना कोणत्याही एका जनुकाकडे बोट दाखविता येत नाही. अनेक जनुकांतील लहान लहान फरक एकत्र येऊन, आणि त्यांना गर्भावस्थेतील परिस्थितीची जोड मिळून, हा पट विणला जातो. एका जनुकाच्या अभ्यासाचे मोल त्यातून एक कार्यपद्धती उलगडते यात आहे. त्यावरून सर्वांचे निदान करता येत नाही.

८. कुटुंबाला काय सांगावे?

प्रयोगशाळेतील ज्ञान तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचते तेव्हा ते एका प्रश्नाच्या रूपाने पोहोचते : हे कोणाकडून आले? घरातील वडीलधारी मंडळी पुष्कळदा हा प्रश्न मुलाच्या आईला विचारतात. आधुनिक जनुकशास्त्राच्या नावाने जुनाच दोषारोप पुन्हा होण्याचा धोका येथे आहे. पूर्वी आईच्या स्वभावाला दोष दिला जात असे. आता तिच्या रक्ताला दिला जाईल.

‘फॉक्स-जी-१’ विकाराचा दाखला या बाबतीत निःसंदिग्ध आहे. यातील बहुतेक उत्परिवर्तने माता अथवा पिता यांच्यापैकी कोणातही नसतात. ती बीजपेशी घडताना किंवा गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत नव्याने उद्भवतात. टिश्यू कल्चरच्या रोपांचा अनुभव असलेल्यांना याची कल्पना येईल. मातृवृक्ष उत्तम असूनही पेशींच्या विभाजनाच्या ओघात क्वचित एखाद्या रोपात बदल घडतो, आणि बागेत ते खुजे किंवा वेगळ्या वळणाचे निघते. त्यात मातृवृक्षाचा दोष नसतो, की लावणाऱ्याचा हात वाईट असतो असेही नाही. नव्याने उद्भवलेले उत्परिवर्तन हे डी.एन.ए.च्या नकलेतील अटळ चुकांपैकी एक असते. अशा कुटुंबात पुढील अपत्याला तोच विकार होण्याची शक्यता अल्प असते. मात्र ती शून्य नसते, कारण क्वचित मातापित्यांच्या काही बीजपेशींत तो बदल लपलेला असू शकतो. याविषयी जनुकशास्त्राच्या जाणकार वैद्याचा सल्ला घेणे उचित होय.

दुसरा प्रश्न उपचाराचा. मूलपेशींचा उल्लेख या लेखात प्रयोगशाळेतील साधन म्हणून आला आहे. रुग्णाच्या शरीरात मूलपेशी टोचून स्वमग्नता बरी करण्याचे दावे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट होय. उंदराच्या पिलाच्या मेंदूत, निर्णायक कालखंडापूर्वी, विशिष्ट प्रकारच्या जनक पेशींचे रोपण केल्याने मिळालेल्या निष्कर्षावरून पाच-सात वर्षांच्या मुलावरील अशा उपचाराचे समर्थन करता येत नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानेही २०२२ साली स्वमग्नतेवरील उपचार म्हणून मूलपेशींच्या वापराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. जमीन गहाण टाकून किंवा दागिने मोडून असा उपचार घेण्याचा विचार करणाऱ्या पालकांपर्यंत ही गोष्ट पोहोचविणे हे जीवशास्त्र जाणणाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

याचा अर्थ करण्याजोगे काहीच नाही असा नव्हे. वाचा-भाषा उपचार, व्यवसायोपचार, मुलाच्या गरजांनुसार शिक्षण, आणि झटके येत असल्यास त्यांवरील औषधोपचार यांचा उपयोग होतो. निदान लवकर झाल्यास हे साहाय्य लवकर सुरू करता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र, शिक्षण व अन्य सवलती हा या मुलांचा कायदेशीर हक्क आहे.

९. समारोप

‘स्वमग्नतेशी निगडित जनुक’ या शब्दांचा अर्थ आता अधिक नेमकेपणाने मांडता येईल. ते सर्वांच्या ठायी असलेले असे एक जनुक असते की, मेंदूच्या घडणीत त्याची अभिव्यक्ती विशिष्ट पेशींत, विशिष्ट वेळी व विशिष्ट प्रमाणात होणे आवश्यक असते, आणि या तिहींपैकी कशातही फरक पडला असता विकासाचा मार्ग बदलण्याचा संभव असतो. ‘फॉक्स-जी-१’च्या बाबतीत मुंबईतील संशोधनाने पेशींचे काम बदलण्याची वेळ कशी राखली जाते हे दाखविले, अन्यत्र झालेल्या संशोधनाने प्रमाणाचे व कालखंडाचे महत्त्व पटविले.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात पुष्कळ वाव आहे. त्यांपैकी प्रत्येकाला उंदरांच्या मेंदूवर प्रयोग करण्याची सुविधा लाभेलच असे नाही. परंतु अभिव्यक्तीचे मोठे आलेख आज सर्वांच्या अभ्यासासाठी खुले आहेत, आणि एखादे जनुक मानवी मेंदूत कोठे व केव्हा कार्यरत असते याचा शोध रावेर-जळगावकडील महाविद्यालयात बसूनही घेता येतो. तो घेताना, आकड्यांच्या पलीकडे एक मूल आहे व त्याच्याभोवती उत्तराची वाट पाहणारे एक घर आहे, याचे स्मरण असावे. जेवढे सिद्ध झाले आहे तेवढेच त्या घराला सांगणे, आणि जे सिद्ध झालेले नाही त्याच्या नावाने कोणाला आशा विकू न देणे, हेही शास्त्राच्या अभ्यासाचे अंग होय.